जास्तीच्या सात अँप्युल

प्रिय इरा आणि निहार,

मागच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी डब्लिनहून फोन केला होता. निहार म्हणाला, "आजी, तू तर नर्स होतीस ना, मग इंजेक्शनला कशी घाबरलीस?" तुमची आई मागे हसत होती, पण तिनंही तुम्हाला सांगितलं नाही की आजी नर्स नव्हती. तेव्हाच ठरवलं, हे एकदा नीट लिहून काढायचं. तुमचं मराठी वाचन सावकाश आहे, म्हणून साधं लिहिते.

मी सुईला घाबरले नव्हते. नर्सनं अँप्युल फोडायला घेतली तेव्हा मी म्हटलं, "जरा थांब, मला दाखव." ती खिडकीकडे धरून मी उलटी केली, सावकाश फिरवली. नर्स वैतागली. "मावशी, एक्सपायरी बघितलीय मी." मी एक्सपायरी बघतच नव्हते. मी काच बघत होते. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनं भरणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीची प्रमुख होते, आणि निवृत्तीपर्यंत माझं काम एवढंच होतं: औषधाआधी काच बघायची. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. तो आता दुसऱ्यांचा आहे.

आधी काचेबद्दल. अँप्युल म्हणजे करंगळीएवढी काचेची नळी. औषध भरलं की तिचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात. बूच नाही, झाकण नाही, काचेला काचच बंद करते. मग ती वाफेच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, जंतू मारायला ठेवतात. हे सगळं सोसून काच औषधाला स्वतःचं काही देत नाही, अशी आपली समजूत असते. ती समजूत चांगल्या काचेपुरतीच खरी आहे. हलक्या काचेतून क्षार पाण्यात उतरतो. औषध खाऱ्या, सोड्यासारख्या जातीचं असलं तर ते काचेला आतून चाटत राहतं, आणि काही महिन्यांनी काचेचा अगदी पातळ पापुद्रा सुटतो. उन्हात भाजलेल्या पाठीची कातडी सुटते तसा. असा पापुद्रा रक्तवाहिनीत जाऊ नये म्हणून जगभर माझ्यासारखी माणसं नोकऱ्या करतात.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत निलंग्याच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं: तुमच्या औषधात काचेचे तुकडे आहेत. माझी झोप उडाली. मी एसटीनं निलंग्याला गेले. दवाखान्यात एक वयस्कर कंपाउंडर होते, पांढरा सदरा, कानाला पेन. मी म्हटलं, "काका, एक अँप्युल माझ्यासमोर फोडता का?" त्यांनी खिशातून कात्री काढली आणि तिच्या पाठीनं अँप्युलच्या मानेवर टण्णकन घाव घातला. बारीक चुरा सरळ औषधात पडला. खोक्यात मानेवर रेघ ओढायला छोटं खरखरीत पातं दिलेलं असतं, ते त्यांनी जमवून ठेवलं होतं.

"ह्यानं बोरू लई झकास तासता येतो," ते म्हणाले. "नातवाला शाळेत लागतोय."

मी त्यांना रेघ ओढून, कापूस धरून, मान बाहेरच्या बाजूला मोडायला शिकवलं. त्यांनी दोन अँप्युल माझ्यादेखत नीट फोडून दाखवल्या आणि मला उसाचा रस पाजला. ही गोष्ट मी नंतर प्रत्येक नव्या माणसाला हसत सांगायची. पण तिनं मला एक वाईट खोड लावली. काचेची तक्रार आली की मी आधी माणसात दोष शोधायला लागले.

आता मुख्य गोष्ट.

भरलेली प्रत्येक अँप्युल डोळ्यांनी बघायची, असा नियम. त्यासाठी एक लांब खोली होती. प्रत्येक टेबलावर दिवा, दिव्यामागे एक काळी पाटी आणि एक पांढरी. अँप्युल मानेला धरून सावकाश उलटी करायची. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. वर जातो तो बुडबुडा, खाली येतो तो कण. दर पाटीसमोर पाच सेकंदं. ही पाच सेकंदं मीच इंग्रजी पुस्तकातून काढून नियमात लिहिली होती, आणि भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळही मीच लावलं होतं. तिथं बारा बायका बसत. बोलायला बंदी होती, ती जेवणाच्या सुट्टीत भरून निघे.

त्यांच्यातली सगळ्यात जुनी मेहरुन्निसा. सगळ्या तिला आपा म्हणत, मी मेहरुन म्हणायची. तिच्या माहेरचं लातूरच्या गंजगोलाई बाजारात बांगड्यांचं दुकान होतं, चार पिढ्यांचं. लहानपणी तिचं काम म्हणजे आलेल्या पेटीतल्या बांगड्या बोटावर टांगून टिचकी मारायची. खणखणली तर ठेवायची, बद्द वाजली तर बाजूला. तडा डोळ्याला दिसण्याआधी तिला ऐकू यायचा. माझ्या हाताखाली इतक्या बायका येऊन गेल्या, पण तिच्यासारखा डोळा मी पाहिला नाही. ती हे जाणून होती. नवी मुलगी आली की म्हणायची, "माझ्या टेबलावरून गेलेली बाटली मॅडमनी परत बघायची न्हाई, आन बघितली तर मला सांगायचं न्हाई."

तुमची आई बारावीला होती त्या वर्षी आमच्या नेहमीच्या काचवाल्याकडून माल वेळेवर येईना. आम्ही दुसरा काचवाला धरला. त्यानं आधी नमुन्याच्या अँप्युल पाठवल्या. मी त्या फोडून, कुटून, चाळून, शुद्ध पाण्यात घालून वाफेच्या भांड्यात ठेवल्या. मग त्या पाण्यात किती क्षार उतरला ते आम्लाचे थेंब टाकत मोजलं. काच उत्तम निघाली. पुढे खोकी आली तेव्हा प्रत्यक्ष आलेल्या खोक्यातली अँप्युल कुटून बघायला हवी होती. मी बघितली नाही. माल अडला होता, टेबलं रिकामी होती, कागद स्वच्छ होता. मी सही केली. त्या काचेत आम्ही सोडाबायकार्ब भरलं. रक्तात आम्ल वाढलं की हे इंजेक्शन देतात, कधीकधी नुकत्या जन्मलेल्या बाळालाही. तेव्हा सगळ्या अँप्युल स्वच्छ होत्या आणि माल गावोगाव गेला.

साधारण आठ महिन्यांनी तपासनीस बायकांची सहामाही परीक्षा आली. ही परीक्षा अशी असे: एका पेटीत शंभर अँप्युल, त्यात दहा मुद्दाम ठेवलेल्या खराब, नव्वद चांगल्या. प्रत्येकीच्या बुडाला कागदाखाली लपवलेला आकडा. दहा खराब शोधून काढायच्या. चांगल्यांपैकी दोनपेक्षा जास्त काढल्या तरी नापास, कारण मग ती बाई अंदाजानं काढते आहे असं धरायचं. नापास झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी. पुन्हा नापास तर टेबलावरून उठायचं.

मेहरुननं दहाच्या दहा खराब काढल्या. आणि वर सहा चांगल्या.

"काय झालं मेहरुन?" मी विचारलं. "रोजे चालू आहेत, दमली आहेस का?"

"रोजा पोटाला असतो मॅडम. डोळ्याला बघायला जेवण लागत न्हाई."

"मग ह्या सहा कशाला काढल्यास?"

तिनं एक उचलून दिव्यासमोर धरली. "हे बघा. चमकी हाय आत. बांगडीवरची उडालेली चमकी असती ना, तशी."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही. "कण असता तर खाली आला असता."

"ह्यो कण न्हाई. कण खाली बसतोय. हे मधीच तरंगायलंय. दिसतंय, जातंय, परत दिसतंय. तुमी बाटली फिरवून लगेच खाली ठिवायलाव. जरा थांबा की."

"पाच सेकंदं झाली, मेहरुन."

तिनं अँप्युल ट्रेमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दहा खराब काढल्या, आणि वर सात. पहिल्या दिवशीच्या सहा त्यात होत्याच, एक नवी. शंभर अँप्युल मी स्वतः ढवळून ठेवल्या होत्या, आकडे झाकलेले होते. अंदाजानं काढणारी बाई दोन दिवस त्याच सहा काढील का? हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडला असता. मला पडला नाही. मी रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं, सही केली आणि तिला खोकी भरायच्या टेबलावर पाठवलं. डोळे तपासून घे, असंही सांगितलं. तिनं तपासून घेतले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, नजर उत्तम. ती चिठ्ठी तिनं माझ्या टेबलावर ठेवली आणि खोकी भरायला गेली. मी ती फाइलला लावली.

बायका निष्ठुर नव्हत्या, पण थट्टा करायच्या. रेणापूरकडची सुमन, शेतकऱ्याची सून, मेहरुनच्या शेजारीच वर्षानुवर्षं बसलेली. जेवताना म्हणाली, "आपा, वरणात बघा बरं, चमकी हाय का?"

"हाय," मेहरुन म्हणाली. "पन पाच सेकंदात दिसणार न्हाई तुला."

सगळ्या हसल्या. मी शेजारच्या खोलीत डबा खात होते. मला ऐकू आलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मुखेडहून फोन आला. लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, तरुण आवाज. "तुमच्या सोडाबायकार्बमध्ये काहीतरी चमकतंय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "अँप्युल कात्रीनं फोडता का?" "मॅडम, तुम्ही येऊन बघा," त्या म्हणाल्या.

बस बदलून मी मुखेडला पोचले तेव्हा सकाळचं ऊन दवाखान्याच्या खिडकीतून आत आलं होतं. बाहेर आठवडी बाजाराची गर्दी होती. पर्समध्ये मी ते खरखरीत पातं आणि कापूस घेतला होता, रेघ कशी ओढायची ते शिकवायला. डॉक्टरबाईंनी खिडकीच्या फळीवर पाच अँप्युल ओळीनं ठेवल्या होत्या. एकीचीही मान मोडलेली नव्हती.

"न फोडलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनवर विचारलंत म्हणून मुद्दाम तशाच ठेवल्या."

मी एक उचलली. उन्हात धरली, सावकाश फिरवली आणि थांबले. पाच सेकंदं गेली. साधारण आठ-नऊ झाली असतील, तेव्हा मधल्या पाण्यात एक बारीक ठिपका लखकन चमकला आणि गेला. पापुद्रा इतका पातळ होता की कडेनं फिरला की नाहीसा व्हायचा, सपाट फिरला की उजेड पकडायचा. मग दुसरा. मग तीन-चार एकदम.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत एक कालचं बाळ आहे. त्याला हे लागू शकतं. मी हे त्याच्या नसेत घालू का, तेवढं फक्त सांगा."

"नाही," मी म्हटलं. "एकही वापरू नका."

पातं पर्समध्येच राहिलं. परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा मेहरुनच्या परीक्षेची ती पेटी आठवली.

कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. सरळ माणूस, पण एकदा गेलेला माल परत बोलवायचा म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "मॅडम, माल खराब निघाला अशी बोंब झाली की बाजारात कोणी आपलं खोकं उघडणार न्हाई. एका दवाखान्यात दिसलं म्हणून सगळा माल? खात्री हाय का?"

"खात्री करून देते," मी म्हटलं, आणि मेहरुनला बोलावून घेतलं. ती हातातली चिकटपट्टी तशीच घेऊन आली. अण्णांनी तिलाच विचारलं, "आपा, तुमी सांगा. माल खराब हाय का?"

"मला काय इचारता अण्णा? मी पॅकिंगवाली हाय. नापास हाय मी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती नापास नव्हती. मी चुकीचं लिहिलं." हे वाक्य मी नोकरीत त्याआधी कधी बोलले नव्हते.

परीक्षेची पेटी उघडली. मेहरुननं काढलेल्या सात अँप्युल मी आकड्यांवरून शोधून फोडल्या. औषध काळ्या गाळणकागदातून गाळलं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्यावर काचेचे पापुद्रे, माशाच्या खवल्यांसारखे. सातही कागदांवर. मग मी पेटी कशी भरली होती त्याची नोंद काढली. मधल्या काळात फुटलेल्या काही चांगल्या अँप्युलच्या जागी मी नव्या काचेतल्या सोडाबायकार्बच्या, तेव्हा स्वच्छ असलेल्या अँप्युल घातल्या होत्या. त्या किती होत्या ते मला आठवत नव्हतं. नोंदीत होतं: सात. पहिल्या दिवशी तिनं सहा काढल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सातवी. माझ्या चांगल्या नव्वदांतून तिनं ती काच नुसत्या डोळ्यांनी निवडून वेगळी केली होती, आणि मी त्याला नापास म्हटलं होतं.

गोदामात त्या काचवाल्याच्या न भरलेल्या अँप्युलची खोकी शिल्लक होती. त्यातल्या अँप्युल कुटून मी तीच परीक्षा घेतली. नमुन्याला लागले होते त्याच्या कितीतरी पट आम्लाचे थेंब लागले. आलेली काच नमुन्याची नव्हतीच.

अण्णांनी कागद बघितला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बोलवा परत."

आठ दिवस आम्ही फोन करत होतो. नांदेड, मुखेड, निलंगा, रेणापूर, प्रत्येक दुकानाची आणि दवाखान्याची यादी. औषध प्रशासनाला आम्हीच कळवलं. टेम्पो भरून खोकी परत आली. थोडी आली नाहीत, कारण ती वापरली गेली होती. कोणाला इजा झाल्याचं आमच्यापर्यंत आलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिते आहे. इजा झाली नाही, असं मला म्हणता येत नाही, आणि इतक्या वर्षांत कधी म्हणता आलेलं नाही. मुखेडच्या त्या बाळाला मात्र ते इंजेक्शन दिलं गेलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

मेहरुन लगेच टेबलावर परत आली नाही. मी सांगितलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. पॅकिंगला बोलायला मिळतंय. तिथं घड्याळाकडं बघत गप बसावं लागतं." मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा तिनं अट घातली. कोणी जास्तीची बाटली काढली तर आधी ती बाटली फोडून बघायची, मग बाईला मार्क द्यायचे. आणि त्या औषधाला पाच सेकंदं पुरत नाहीत, असं कागदावर लिहून द्यायचं. मी दोन्ही गोष्टी नियमात लिहिल्या. सुमननं तिची खुर्ची पुसून ठेवली होती.

मग रजिस्टर उघडलं. आमच्या कामात लिहिलेलं काही चुकलं तर खरवडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहून कारण आणि सही. मी ‘अनुत्तीर्ण’वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘उत्तीर्ण. तपासनीस बरोबर, पेटी सदोष. चूक माझी.’ खाली सही.

मेहरुन उभी राहून बघत होती. "पुरतं खोडा की मॅडम. नापास दिसायलंय."

"खोडता येत नाही. नियम आहे."

"म्हंजे माझं नापास तसंच ऱ्हाणार?"

"राहणार. आणि त्याच्याखालची माझी सहीही राहणार."

"मग झेरॉक्स द्या मला एक," ती म्हणाली. मी दिली.

आता तिथं यंत्र बसलं आहे. कॅमेरा अँप्युल बघतो, बारा बायकांचं काम दोघी करतात, आणि कॅमेऱ्यानं टाकलेली प्रत्येक अँप्युल त्या दोघी फोडून बघतात, असं मला कळलं. आमची जुनी रजिस्टरं नव्या मालकांनी मुदत संपल्यावर रद्दीत घातली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मेहरुन भावाच्या दुकानात बसते. ऑपरेशननंतर मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेलं ते पान. घडीवर कागद विरला आहे. रेघ आहे, दोन्ही सह्या आहेत, आणि रेघेखालचं ‘अनुत्तीर्ण’ अजून वाचता येतं.